टचस्क्रीनवर गाडी ठरवताना : माझा अनुभव

आम्हाला हवी तशी गाडी शोरूममध्ये उभीच नव्हती. त्या मॉडेलची एकच पांढरी गाडी होती, तीही मधल्या व्हेरिएंटची. "बाकीचं सगळं इथे दाखवतो," म्हणत तिथल्या सेल्समधल्या मुलाने आम्हाला भिंतीवरच्या ५५ इंची टचस्क्रीनपाशी नेलं.

सोबत बाबा होते. गाडी घरात सगळेच चालवणार, पण सगळ्यात जास्त तेच. त्यांचं कंबरेचं दुखणं जुनं आहे. त्यामुळे ड्रायव्हरच्या सीटला कंबरेचा आधार हवा, म्हणजे पाठीच्या खालच्या भागातला फुगवटा कमीजास्त करता यायला हवा, एवढी आमची पक्की अट होती. रंग, चाकं, सनरूफ यांत तडजोड चालणार होती.

सुरुवातीला इंजिन, गिअरबॉक्स आणि व्हेरिएंट निवडायचं. हे आम्ही घरूनच ठरवून आलो होतो, त्यामुळे पाच मिनिटांत उरकलं. मग पडद्यावर गाडी आली आणि बोटाने फिरवली की फिरायला लागली. दार उघडायचं, आत जायचं, मान वळवल्यासारखं मागच्या सीटकडे बघायचं. ही चित्रं आधी काढून ठेवलेली नसतात. गाडीच्या मूळ डिझाइनच्या फाइल्स हलक्या करून घेतात आणि व्हिडिओ गेमला लागतं तसं सॉफ्टवेअर त्यावरून प्रत्येक चित्र त्या क्षणी तयार करतं. म्हणून रंग बदलला की दारावरची सावलीही बदलते. बघताना मला खरोखर आनंद झाला. फोर्डच्या मॉडेल टीला १९१४ ते १९२५ या काळात काळ्याशिवाय रंगच नव्हता, आणि इथे आमच्यासमोर नुसते राखाडीच तीन होते!

त्या तीन राखाडींनीच आम्हाला अडवलं. पडद्यावर ते जवळपास सारखे दिसत होते. मी रंगाच्या नमुन्याच्या पट्ट्या मागितल्या. त्या टेबलाच्या खणात होत्या. पट्ट्या घेऊन आम्ही बाहेर उन्हात गेलो. पडद्यावर आवडलेला राखाडी तिथे चक्क निळसर निघाला, आणि पट्टी जरा तिरकी केली की गडद व्हायचा. मेटॅलिक रंगात ॲल्युमिनियमचे बारीक कण असतात, ते समोरून चमकतात आणि कडेने काळवंडतात. पडदा स्वतः प्रकाश फेकतो, पत्रा आपल्यावर पडलेला प्रकाश परत पाठवतो. हा फरक कितीही चांगल्या स्क्रीनवर भरून निघत नाही. रंग आम्ही पट्टीवरून ठरवला आणि मग पडद्यावर नोंदवला.

मध्येच गाडी आपोआप गरगरा फिरायला लागली. बाबांनी आधारासाठी चौकटीवर हात ठेवला होता आणि त्यांच्या शर्टाची बाही काचेसमोर आली होती. हा पडदा इन्फ्रारेडचा होता. त्याच्या चौकटीतून काचेवर अदृश्य किरणांची जाळी पसरलेली असते आणि ती जिथे अडते तिथे स्पर्श झाला असं धरलं जातं, मग अडवणारं बोट असो की कापड. मोबाइलचा पडदा बोटातून होणारा विजेचा बदल ओळखतो, त्याला बाही कळत नाही. बाबा ओशाळून दोन पावलं मागे सरकले. मी त्यांना खुर्ची आणून दिली आणि पुढचं सगळं त्यांनी सांगायचं, मी बोट लावायचं, असं ठरलं.

चाकांच्या बाबतीत मी हट्ट धरला. १८ इंची चाकं पडद्यावर सुरेख दिसत होती, पण टायरचे आकडे मी कागदावर मांडले. २१५/६० आर १७ मध्ये टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या, म्हणजे २१५ मिलिमीटरच्या ६० टक्के, म्हणजेच १२९ मिलिमीटर. २१५/५५ आर १८ मध्ये ती ११८. टायरचा एकूण व्यास जवळपास तोच, पण खड्डा झेलणारं रबर ११ मिलिमीटरने कमी. कंबर दुखणाऱ्या माणसासाठी हा आकडा मोठा आहे. १७ इंचीच घेतली.

सनरूफही पडद्यावर मोहक होतं. सनरूफची चौकट छताच्या आतून बसते आणि डोक्यावरची जागा खाते, हे मात्र पडदा सांगत नाही. नशिबाने उभ्या असलेल्या पांढऱ्या गाडीला सनरूफ होतं. उंच असलेले बाबा त्यात बसले, मान ताठ केली आणि म्हणाले, "नको."

मग आली आतली सजावट. आईला फिकट रंगाच्या सीट हव्या होत्या, मी तो पर्याय निवडला. खाली एक ओळ दोन-तीन सेकंद झळकून गेली. मी वाचेपर्यंत नाहीशी झाली. सेल्सचा मुलगा म्हणाला, "काही नाही मॅडम, सिस्टीम ॲडजस्ट करते."

मी सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करते, त्यामुळे 'काही नाही' ऐकून माझे कान टवकारले. पडद्यामागे नियमांचं जाळं असतं : हे घेतलं तर ते लागेल, ते घेतलं तर हे निघेल. अशी कामं करणारा सुरुवातीचा गाजलेला प्रोग्राम कॉम्प्युटरच्या ऑर्डरींसाठी होता. १९७८ साली कार्नेगी मेलन विद्यापीठात जॉन मॅकडरमॉट यांनी तो लिहिला, आणि पुढे तो एक्सकॉन म्हणून ओळखला गेला. व्हॅक्स कॉम्प्युटरच्या ऑर्डरमधल्या भागांचा मेळ बसतो का, राहिलेलं काय जोडायचं, हे तो बघायचा. तिथे नियमांनी माणसाची चूक पकडली जायची. इथे नियमाने आमच्या नकळत एक गोष्ट काढून टाकली होती.

मी यादी छापून मागितली. चित्र नको, पर्यायांच्या कोडांची यादी. ओळीओळीवर बोट ठेवून वाचली. कंबरेच्या आधाराची ओळ गायब! फिकट सीटच्या पॅकेजमध्ये सीटचा सांगाडाच वेगळा होता आणि त्याला तो आधार नव्हता. ज्या एका गोष्टीसाठी आम्ही इतका वेळ उभे होतो तीच निसटली होती, आणि पडद्यावरची गाडी तर आधीपेक्षा देखणी दिसत होती. मला राग आला, तो मी त्या मुलाला शांतपणे बोलून दाखवला. असा बदल होताना पडदा थांबायला हवा, 'हे निघतंय, चालेल का?' असं विचारायला हवा. त्यालाही ते पटलं. आम्ही एक पायरी मागे गेलो, गडद सीट घेतल्या, यादी पुन्हा छापली. ती ओळ परत आली होती. आईला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "कव्हर घालू फिकट, त्यात काय."

कव्हरचंही लगेच विचारून घेतलं. सीटच्या बाजूला एअरबॅग असेल तर शिवण तिथे मोकळी सोडलेलं, त्या सीटसाठीच बनवलेलं कव्हरच घालायचं, नाहीतर एअरबॅग उघडताना अडते.

बुकिंगच्या फॉर्मला ती यादी जोडून प्रत्येक पानावर सही घेतली, माझ्या प्रतीवर त्यांचा शिक्का.

गाडी ताब्यात घ्यायच्या दिवशी तीच प्रत घेऊन गेले. मी वाकून टायरवरचे आकडे वाचत होते, २१५/६० आर १७, बरोबर. रंगाचा कोड दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर सापडला, तोही जुळला. तोवर बाबा आत बसले होते. त्यांचा हात सीटच्या कडेला चाचपडत खाली गेला, खटका सापडला, आणि त्यांनी पाठ मागे टेकवली.

"आहे गं," ते आतून म्हणाले.