बीकेसीच्या फेऱ्या आणि बोरघाटाचा चढ: एका संघाचे दोन दिवस

जानेवारीतल्या एका शनिवार-रविवारी आम्ही पाच जण दोन हौशी सायकल शर्यतींत उतरलो. शनिवारी पहाटे वांद्रे-कुर्ला संकुलातल्या (बीकेसी) बंद रस्त्यांवर फेऱ्यांची शर्यत होती, जिला सायकलवाले ‘क्रिट’ म्हणतात. रविवारी जुन्या मुंबई-पुणे महामार्गाने पनवेलजवळच्या शेडुंगपासून बोरघाटातल्या शिंग्रोबाच्या देवळापर्यंत जायचे होते. ठाण्याच्या ताई महिला गटात होत्या. मुलुंडकर, गोरेगावकर, परळकर आणि मी दादरकर असे उरलेले चौघे एकाच गटात होतो. जर्सी सगळ्यांची एक, पण क्रमांक आणि बक्षीस ज्याचे त्याचे. या व्यवस्थेत एकमेकांशी वागायचे कसे, हे आम्ही शुक्रवारीच बोलून घ्यायला हवे होते. आम्ही मात्र तो सगळा वेळ टायरमध्ये हवा किती भरावी, यावर वाद घालण्यात घालवला.

दादरहून शीवमार्गे बीकेसी सायकलने सहज गाठता येते, त्यामुळे शनिवारी गाडीची गरज पडली नाही. मात्र तेवढ्या आरामशीर प्रवासाला सराव समजू नये. क्रिटमध्ये पहिल्या मिनिटापासून जीव खाऊन पेडल मारावे लागते, म्हणून सुरुवातीच्या रेषेवर येण्यापूर्वी निदान वीस मिनिटे पाय गरम करावेत आणि त्यात दोन-तीन जोरदार धावा घ्याव्यात. बिब, म्हणजे शर्यतीचा क्रमांक छापलेला कागद, आदल्या दिवशीच आणून जर्सीला चार टाचण्यांनी घट्ट लावून ठेवावा, कारण अंधारात गार बोटांनी ते काम करताना चिडचिड होते. जानेवारीत मुंबईत सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो आणि आमचा गट सव्वासहाला सुटणार होता. त्यामुळे पुढचा-मागचा दिवा सक्तीचा होता आणि उजेड काय तो रस्त्यावरच्या दिव्यांचा.

फेरी जेमतेम दोन किलोमीटरची होती, चारही वळणे डावी. मिठी नदीच्या बाजूला पहाटे दव पडते आणि झेब्रा क्रॉसिंगचे पांढरे पट्टे ओले झाले की साबणासारखे निसरडे होतात. तिथे सायकल कललेली असताना ब्रेक दाबणे म्हणजे पडण्याला आमंत्रण. वेग वळणाच्या आधी सरळ रस्त्यावर उतरवावा, आतले पेडल वर ठेवावे आणि पट्टा शक्यतो सायकल सरळ असतानाच ओलांडावा. दुसरी गोष्ट, पहिल्या दहांत राहावे. वळणावर पुढचे थोडेसे थबकतात आणि लगेच सुटतात. मागच्यांना मात्र ब्रेक करकचून दाबावे लागतात आणि मग तुटलेले अंतर भरून काढण्यासाठी प्रत्येक वळणानंतर धावावे लागते. शेवटी राहिलेला माणूस त्याच शर्यतीत दुप्पट दमतो.

नियम असा होता की तीस मिनिटे पूर्ण झाली की पुढे तीन फेऱ्या, आणि शेवटच्या फेरीला घंटा. विसाव्या मिनिटाच्या आसपास पुढे एक लाल दिवा एकटाच लांब जाताना मला दिसला. कोणीतरी निसटला आहे एवढेच डोक्यात आले आणि मी बंचच्या, म्हणजे मुख्य घोळक्याच्या, पुढे येऊन खेचायला लागलो. ताशी चाळीसच्या वेगाने जाताना बहुतेक ताकद हवा कापण्यातच जाते. पाठीला लागून बसलेल्याची साधारण तिसरा हिस्सा मेहनत वाचते, म्हणजे माझ्या मागची तीसेक माणसे जवळजवळ फुकट प्रवास करत होती. दीड फेरीत आम्ही तो दिवा गाठला. दिव्याच्या वर, काळ्या जर्सीवर, आमच्याच संघाचे नाव होते. मुलुंडकराने मान न वळवता एवढेच म्हटले, “अरे, मी होतो.”

सायकल शर्यतीत याहून मोठा गाढवपणा फारसा नसतो. आपला माणूस पुढे निसटला की बाकीच्यांनी पुढच्या रांगेत बसायचे, वेग वाढवायचा नाही आणि दुसऱ्या कोणी पाठलाग सुरू केला तर त्याच्या चाकाला चिकटून फुकट बसायचे, म्हणजे तोही वैतागून थांबतो. हे मला पाठ होते. अंधार होता, हे खरे. पण मागे वळून आपली माणसे मोजायला दोन सेकंद लागतात आणि ती मी घेतली नाहीत. गंमत अशी की सगळे पुन्हा एकत्र आल्यामुळे अखेरच्या दौडीत गोरेगावकर तिसरा आला आणि संघाला त्या दिवशीचे एकमेव पदक माझ्या चुकीमुळे मिळाले. गोरेगावकराच्या मते ती चूक नव्हतीच. मुलुंडकराने त्यावर दुपारपर्यंत मत दिले नाही.

रात्री जेवताना ताईंनी विषय काढला. “उद्या कोण कोणासाठी, हे पोरांनो आत्ताच बोला. घाटात बोलायला श्वास नसतो.” मग ठरले ते असे: खोपोलीपर्यंत परळकर आणि मी मुलुंडकराला वाऱ्यापासून झाकून नेणार, घाट लागला की ज्याचे त्याने पाहायचे, आणि पंक्चर किंवा बिघाड झाला तर कोणी कोणासाठी थांबणार नाही. हा शेवटचा मुद्दा मीच मांडला होता.

त्याआधी संध्याकाळी आम्ही पाच सायकली छोट्या हत्तीत चढवल्या होत्या. मध्ये जुन्या गोधड्या टाकल्या होत्या आणि त्यावर आम्ही खूश होतो. माझी सायकल मात्र उजव्या अंगावर आडवी होती आणि वर आणखी एक सायकल होती. चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणारा मागचा डिरेलर फ्रेमला ज्या नरम अॅल्युमिनियमच्या तुकड्याने जोडलेला असतो, त्या हँगरवर रात्रभर सगळा भार पडला. सकाळी शेडुंगला चेन कुरकुरली तेव्हा मी केबल ढिली समजून अॅडजस्टर फिरवत बसलो. वाकलेला हँगर त्याने सरळ होत नाही. सायकल नेहमी डाव्या अंगावर, चेन वर येईल अशी ठेवावी, आणि उतरवल्यावर मागून डिरेलर चाकाला समांतर आहे का ते डोळ्यांनी पाहावे. जवळजवळ प्रत्येक फ्रेमचा हँगर वेगळा असतो, ऐनवेळी दुकानात मिळत नाही. एक जादा घेऊन पिशवीत ठेवणे शहाणपणाचे.

द्रुतगती मार्गावर सायकलला बंदी आहे. आपला रस्ता जुनाच. शेडुंगहून चौक, खालापूर करत खोपोली सुमारे 25 किलोमीटर आहे. डावीकडे इर्शाळगडाचा सुळका दिसतो, पण शर्यतीत तिकडे पाहू नये, कारण रंबलर अचानक येतात. एका रंबलरवर समोरच्याची बाटली स्टँडमधून उडाली आणि माझ्या पुढच्या चाकाला घासून गेली. बाटलीचा स्टँड घट्ट हवा आणि रंबलरवर हात हँडलच्या खालच्या बाकात हवेत. खाण्याचे म्हणाल तर तासाला साठ ग्रॅमच्या आसपास कर्बोदके पोटात जातील असे पाहावे. माझ्या खिशात खजूर आणि राजगिऱ्याची चिक्की होती. सगळे खोपोलीच्या आधी संपवावे. चढावर धाप लागलेली असताना चिक्की चावता येत नाही.

ठरल्याप्रमाणे खोपोलीपर्यंत आम्ही मुलुंडकराला एकदाही वारा लागू दिला नाही. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत ‘घाटाचा राजा’ हा किताब ज्या घाटासाठी देतात तोच हा बोरघाट, आणि येऊरच्या चढावर वर्षानुवर्षे घाम गाळलेला मुलुंडकर पहिल्याच वळणावर आम्हांला सोडून गेला. मी सर्वांत हलका गिअर टाकला आणि मागून टिक टिक ऐकू आले: वाकलेला डिरेलर चाकाच्या तारांना लागत होता. आणखी जोर दिला असता तर तो तारांत अडकून चाकासकट तुटला असता. शेवटचे दोन गिअर सोडून द्यावे लागले आणि उभ्या वळणांवर उभे राहून, हँडल ओढत चढावे लागले. परळकर शेजारून गेला, त्याने एकदा खाली डिरेलरकडे पाहिले, एकदा माझ्याकडे, आणि ठरल्याप्रमाणे थांबला नाही. मुलुंडकर चौथा आला, परळकर अकरावा, मी एकतिसावा. स्वतःच्या गटात दुसऱ्या आलेल्या ताई देवळाशी उभ्या होत्या. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणाऱ्या शिंग्रोबा धनगराला जाता-येता ट्रकवाले नाणी वाहतात. माझ्या खिशात चिक्कीचा कागद तेवढा होता.

संयोजकांनी गाड्या खोपोलीतच थांबवल्या होत्या, त्यामुळे शर्यतीनंतर घाट पुन्हा उतरावा लागतो, हे नव्याने येणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. तोवर वाहतूक सुरू झालेली असते आणि घामाने भिजलेल्या अंगाला वारा बोचतो. पातळ विंडचीटर खिशात हवाच. एकट्याने न उतरता घोळक्याने, ट्रकच्या मागे अंतर ठेवून उतरावे. ब्रेक सतत दाबून न ठेवता वळणाआधी दाबून पुन्हा सोडावेत. कार्बनच्या रिमवर रिमब्रेक वापरणाऱ्यांनी हे विशेष पाळावे, कारण तापलेली रिम खराब होते.

खाली वडापाव खाऊन सायकली चढवताना मुलुंडकराने माझी सायकल स्वतः उचलली, डाव्या अंगावर ठेवली आणि सर्वांत जाड गोधडी तिच्यावर टाकली. पुढच्या क्रिटला अंधारातही ओळखू येतील असे पांढरे मोजे आम्ही पाचही जणांनी त्याच टेम्पोत बसून मागवले.