दहा हजारांत वर्षभर चालणारी शाळा

वाळवा तालुक्यातील आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीत मी दोन वर्षे पालक सदस्य होतो. शाळेत काही कमी पडले की आम्ही गावापुढे शब्द टाकत असू आणि गाव तो खाली पडू देत नसे. वर्गांचे रंगकाम, पाण्याची टाकी, दोन संगणक हे सारे लोकवर्गणीतून झाले, कारण कृष्णाकाठचा ऊस आणि पुण्या-मुंबईत नोकरीला लागलेले माजी विद्यार्थी आमच्या पाठीशी होते. हा आमच्या समितीचाच पराक्रम आहे, असे मला तेव्हा मनापासून वाटत होते.

माझी धाकटी बहीण जत तालुक्याच्या पूर्व भागातील एका वाडीवर शिक्षिका आहे. तिच्या शाळेचा पट २८ आहे. समग्र शिक्षा अभियानातून मिळणारे संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरते. ३० मुलांपर्यंत वर्षाला १०,००० रुपये, ३१ ते १०० पर्यंत २५,००० रुपये. म्हणजे ३१ मुलांच्या शाळेतील एक कुटुंब दोन लेकरांसह कायमचे गाव सोडून गेले, तर शाळेचे १५,००० रुपये कमी होतात; छप्पर, वीजबिल आणि स्वच्छतागृह मात्र तेवढेच राहते.

लहान शाळेला दर मुलामागे उलट जास्तच पैसे मिळतात, असे यावर सांगितले जाते, आणि तो हिशेब खोटा नाही: २८ मुलांच्या शाळेत माणशी सुमारे ३५७ रुपये पडतात, तर ५०,००० रुपये मिळणाऱ्या २४० मुलांच्या शाळेत सुमारे २०८. परंतु गळका पत्रा बदलायला किती खर्च येईल, हे त्याखाली किती मुले बसतात यावर ठरत नाही. त्यातच जिथे शासनाचे अनुदान तोकडे पडते, तिथेच वर्गणी देणारे हातही थोडे असतात. वाडीतील बरीच कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला बाहेर पडतात, त्यांच्यापुढे वर्गणीचे पुस्तक कोणत्या तोंडाने धरायचे? ज्या उसातून आमच्या शाळेला देणग्या मिळाल्या, तो तोडणारे हात अशाच वाड्यांतून येतात, ही गोष्ट मला फार उशिरा सुचली आणि ती अजून बोचते.

माझ्या मते प्रत्येक शाळेला, पट कितीही असो, इमारत, पाणी आणि विजेपुरती ठरावीक रक्कम आधी मिळावी आणि पटानुसारचे अनुदान त्यावर द्यावे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा विकास आराखडा व्यवस्थापन समितीने करायचा असतो आणि अनुदानाचा आधारही तोच असायला हवा. बहिणीच्या शाळेच्या यंदाच्या आराखड्यात पत्र्यांची दुरुस्ती पहिल्या क्रमांकावर आहे. गेल्या वर्षीही ती पहिल्याच क्रमांकावर होती.