पिशवीतली पावती

पहाटे साडेचारला शिरोलीच्या पुलावर आलो, तेव्हा पंचगंगेचं पाणी दिसत नव्हतं, नुसता गारवा लागत होता. आम्ही चर्चच्या मंडळीतले चौदाजण. ईस्टरआधीच्या उपवासकाळात कोल्हापूरहून मिरजेपर्यंत चालत जायचं, दवाखान्यातल्या रुग्णांसाठी प्रार्थना करायची आणि एसटीनं परतायचं. साधारण पन्नास किलोमीटर, मधे एक मुक्काम. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली सुरू केलेला हा दवाखाना. माझा जन्म तिथलाच. शेजारच्या आजी दर आषाढीला दिंडीबरोबर नंदवाळला जातात. त्यांना सांगितलं तर म्हणाल्या, "मग तुमचीबी वारीच की गं!"

माझ्या पिशवीत पाण्याची बाटली, चटणी-भाकरी आणि एक जुनी पावती होती.

नऊ वर्षांपूर्वी मंडळीच्या बैठकीत एका काकांनी माझ्या पप्पांवर दानपेटीच्या हिशेबात घोळ केल्याचा आरोप केला. पप्पा काहीच बोलले नाहीत. खजिनदारपद सोडलं, मागच्या बाकावर बसू लागले आणि दोन वर्षांनी गेले. पावती नंतर सापडली, त्यांच्याच बायबलमध्ये. पैसे भरलेले होते. ते काका आज आमच्याबरोबर चालत होते. मिरजेच्या प्रार्थनेत सगळ्यांसमोर ती पावती वाचायची, असं मी ठरवून निघाले होते. खोटं कशाला सांगू, नऊ वर्षं प्रभुभोजनाला बसताना माझी नजर त्यांच्याच पाठीवर असायची.

उजाडल्यावर आम्ही बायबलातली आरोहणस्तोत्रं म्हणायला लागलो. १२० ते १३४, अशी पंधरा स्तोत्रं. यरुशलेमेला सणासाठी चढून जाणारे यात्रेकरू ती गात, असं मानतात. १२१वं आलं तेव्हा समोर रामलिंगाचा डोंगर होता. साहाय्य डोंगराकडून नाही, परमेश्वराकडून येतं, हे मी तोंडानं म्हणत होते आणि मनात मात्र पावती कुठल्या वाक्यानं सुरू करायची ते जुळवत होते.

हातकणंगल्याच्या अलीकडे एका गुऱ्हाळावर थांबलो. काहिलीत रस उकळत होता. गुळव्यानं ठेचलेल्या भेंडीचं पाणी ओतलं, तशी काळी मळी वर आली आणि तो ती झाऱ्यानं काढत राहिला. एकदा काढून भागत नाही, पुन्हा येते, पुन्हा काढायची. आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांना बायबलातलं मारा हे ठिकाण आठवलं. निर्गमाच्या पंधराव्या अध्यायात, तीन दिवस तहानलेल्या इस्राएलांना माराचं पाणी कडू लागतं. परमेश्वर त्यांच्या पुढाऱ्याला, मोशेला, एक झाड दाखवतो, ते पाण्यात टाकल्यावर पाणी गोड होतं. "मोशेला झाड ठाऊक नव्हतं," पाळकसाहेब म्हणाले, "दाखवावं लागलं." एवढंच बोलून ते काकवी घ्यायला उठले. मी काहिलीपाशीच बसून राहिले. माझा कडूपणा मी न्याय समजून जपला होता. पप्पांची बाजू देवाला माहीत आहे यावर माझा विश्वासच नव्हता. ती सांभाळायचं काम मी माझ्याकडे घेतलं होतं. सूड घेणं माझ्याकडे आहे, असं प्रभू म्हणतो, हे रोमकरांस पत्रातलं वचन मला पाठ होतं. फक्त या एका बाबतीत ते मी त्याला करू देत नव्हते.

दुसऱ्या दिवशी ऊन चढलं. अंकलीच्या पुलावर काका कठड्याला धरून उभे राहिले. खाली कृष्णा. त्यांचे पाय थरथरत होते. सगळे पुढे गेले होते. मी बाटली दिली. "तू पी पोरी, आधी," ते म्हणाले. "तुम्ही घ्या, काका." नऊ वर्षांत आमचं एवढंच बोलणं. त्यांच्या चालीनं चालत मी मनात प्रार्थना केली: प्रभू, हा हिशेब तू घे, मला झेपत नाही. राग गेला नाही. पण पिशवीकडे हात गेला नाही.

मिरजेत प्रार्थनेला नावं विचारली, तेव्हा काकांनी आजारी बायकोचं नाव सांगितलं आणि मान खाली घातली. तिच्यासाठी मी प्रार्थना केली. मोठ्यानं, तिचं नाव घेऊन.

परतीच्या एसटीत ते माझ्याच बाकावर बसले. जयसिंगपूर गेल्यावर म्हणाले, "तुझ्या पप्पांचा आवाज गोड होता गं. मंडळीत तसं गाणारं कोण उरलं नाही." मला वाटलं, आता पुढचं बोलतील. बोलले नाहीत. मी म्हटलं, "हो काका, गोड होता." हातकणंगलं यायच्या आत ते खिडकीला डोकं टेकून झोपले. ऊन लागत होतं, म्हणून मी पडदा ओढला.