बँजो अपडेट: स्क्रग्जचा फॉरवर्ड रोल, सध्या फक्त लय

सध्या स्पीडच्या मागे अजिबात लागलेलो नाही, सगळा रियाज फॉरवर्ड रोलवर चाललाय, अंगठा-तर्जनी-मधलं बोट, परत तेच, मग शेवटी दोन, म्हणजे ३-३-२ असे आठ स्ट्रोक, आणि आठही सारख्या अंतरावर पडले पाहिजेत. हे डोक्यात भरवलं अमेरिकन बँजोवादक अर्ल स्क्रग्जने.

१९२४ चा जन्म, नॉर्थ कॅरोलिनातलं फ्लिंट हिल, वडील तो चार वर्षांचा असतानाच गेले. त्या भागात तीन बोटांनी वाजवणारे आधीपासून होते, स्नफी जेंकिन्स वगैरे, त्यामुळे ही स्टाइल त्यानेच शोधली असं मी म्हणणार नाही, पण एवढ्या वेगात सुद्धा गाण्याची चाल मोत्यासारखी स्वच्छ ऐकू येणं हे त्याचंच. लहानपणी तो आणि भाऊ होरेस एकत्र गाणं सुरू करायचे आणि वाजवत वाजवत घराला उलट्या दिशांनी फेरी मारायचे, पलीकडे भेटल्यावर दोघं गाण्यात एकाच जागी आहेत का ते बघायचे. मध्ये अख्खं घर आणि मेट्रोनोम (टिकटिक करून लय दाखवणारं यंत्र) नाही, विचार करा!

म्हणून मी मेट्रोनोमच्या ॲपवर दोन बार (आवर्तनं) क्लिक चालू, दोन बार बंद असं लावलंय. मिनिटाला ८० क्लिकला आता परत समेवर बरोबर येतोय, ९० ला अंगठा अजून पुढे पळतो.

पुढे स्क्रग्जने गिरणीत काम केलं, १९४५ च्या डिसेंबरमध्ये मँडोलिनवादक बिल मन्रोच्या बँडमध्ये आला आणि ब्लूग्रासचा (बँजो-मँडोलिन-फिडलवरच्या अमेरिकन लोकसंगीताच्या शैलीचा) आवाज खऱ्या अर्थाने तिथे ठरला असं माझं ठाम मत. १९४८ मध्ये गिटारवादक लेस्टर फ्लॅटबरोबर स्वतःचा बँड, १९४९ मध्ये त्याची 'फॉगी माउंटन ब्रेकडाउन' ही धून. तिची सुरुवात घेतलीये, दुसऱ्या तारेवर दुसऱ्या फ्रेटवरून तिसऱ्यावर हॅमर (वाजत्या तारेवर डाव्या हाताचं बोट आपटून पुढचा सूर काढणं), आणि पुढे बँजोवर ई मायनर कॉर्ड येतो तिथे नीट ऐका, फ्लॅटची गिटार चक्क ई मेजर धरते! ती टक्कर मला प्रचंड आवडते.

१९६९ मध्ये दोघं वेगळे झाले, अर्लला मुलांबरोबर नवीन काहीतरी वाजवायचं होतं. २०१२ मध्ये गेला.

आता पुढचं टार्गेट त्याचीच धून 'अर्ल्स ब्रेकडाउन', त्यात वाजवता वाजवता तार उतरवून परत चढवायची असते. त्यासाठीच्या खुंट्या कुणी बसवल्या असतील तर सांगा, सूर परत नेमका तिथेच येतो का?