एका लॉगबुकासाठी नऊ महिने

पीएचडीला लागलो तेव्हा वाटलं होतं, गणितात अडकणार. गणित सुटलं. अडकलो ते एका वहीपाशी.

विषय मायक्रोग्रिड. आमच्या खानापूर तालुक्यात, जांबोटी-कणकुंबीकडे, पावसाळ्यात तारेवर झाड पडलं की करंट जातो आणि कधी येईल याचा नेम नसतो. छपरावर सोलार असून उपयोग नाही. ग्रीड (बाहेरून येणारी वीज) गेली की सोलारचा नेहमीचा, ग्रीडला जोडलेला इन्व्हर्टर आपणहून बंद होतो, नाहीतर तारेवर चढलेल्या लाईनमनचा जीव जायचा. मायक्रोग्रिड असेल तर गाव मेन लाईनपासून सुटं होतं आणि बॅटरीवरचा इन्व्हर्टर स्वतः 50 हर्ट्झची फ्रीक्वेन्सी धरून ठेवतो. आता बॅटरी केवढी? त्यासाठी लोड, म्हणजे गाव किती वीज ओढतं ते, पाहिजे, आणि करंट किती वेळ जातो तेही.

गाईड म्हणाले, "33 बस घे आणि मोकळा हो." बारान आणि वू यांची 1989 ची, 12.66 केव्हीची ती कागदावरची नमुना सिस्टीम, आकडे तयार; जो तो तिच्यावरच पेपर लिहितो. मला आमचाच 11 केव्हीचा फीडर, म्हणजे सबस्टेशनवरून गावांकडे येणारी लाईन, हवा होता. हट्ट म्हणा.

त्याचे आकडे सबस्टेशनच्या लॉगबुकात, म्हणून ते मागायला वीज कचेरीत गेलो. कचेरीचं नाव घेत नाही. इंग्रजी अर्ज नेला, तर कन्नडमध्ये आणा. शेजारच्या मास्तरांकडून लिहून घेतला, तर कॉलेजचं पत्र कुठाय? पत्र आणलं, तर जावक नंबर नाही. नंबर घालून आणला, तर "साहेब्र इल्ल्री, नाळे बर्री." साहेब नाहीत, उद्या या. हे 'नाळे' सात महिने चाललं. टेबलावर कागद उडू नयेत म्हणून एक जळका मीटर ठेवलेला असायचा, त्याच्याखाली माझा अर्ज. मी गेलो की क्लार्क मीटर उचलायचे, अर्जाकडे बघायचे आणि मीटर परत ठेवायचे. एकदा म्हणाले, लोडचे आकडे देता येत नाहीत, सुरक्षेचा प्रश्न आहे. खेड्यातला फीडर तो! नंतर वहीत दिसले ते 42 अँपिअर, म्हणजे जेमतेम 800 केव्हीए. कसली सुरक्षा, सांगा.

शेवटी आरटीआय टाकली, तीही चुकलीच. कर्नाटकात अर्ज एकाच विषयावर आणि 150 शब्दांत लागतो. मी दोन पानं भरून व्यथा मांडली होती. परत आली. दुसरा अर्ज आटोपशीर, सोबत 10 रुपयांची पोस्टल ऑर्डर. 30 दिवस चिडीचूप. 31 व्या दिवशी पहिलं अपील टाकलं आणि आठवड्यात फोन, "वही बघून जावा." झेरॉक्सच मागत बसू नका. नोंदी बघायचा, टिपून घ्यायचा हक्क कायद्यातच आहे, तो मागा.

सबस्टेशनवर ऑपरेटर काकांनी कपाटातून वह्या काढल्या. दर तासाचे अँपिअर. रात्री 11 ते पहाटे 5 : 42, 42, 42. एकच शाई, एकाच दमात लिहिलेलं. काका हसले, "रात्री कोण बघत बसतंय ओ?"

नऊ महिने ज्यासाठी झिजलो ते हे! पण शेजारच्या शेऱ्याच्या रकान्यात लाल पेनानं ट्रिपची, म्हणजे लाईन बंद पडल्याची, वेळ होती, मिनिटासकट. 'झाड', 'जंपर तुटला', 'लाईन क्लिअर दिली', 'परत घेतली'. लाईन क्लिअर म्हणजे लाईन बंद आहे, काम करा, अशी परवानगी. यात खोटं नव्हतं, कारण त्या वेळेवर माणूस खांबावर चढतो. बॅटरी मी त्या लाल शाईवरून काढली. रात्रीचे 42 फेकून दिले आणि गावातल्या काही घरांत स्वतःचे छोटे मीटर लावले. व्हायव्हाला परीक्षकांनी नेमकं त्यावरच विचारलं. काकांचं वाक्य सांगितलं, तसे हसले.

वहीचा फोटो काढाल तर पान नंबर आणि तारीख दिसू द्या. मला परत जावं लागलं होतं.

आणि पोचपावती, शिक्क्यासकट, पहिल्या दिवसापासून घ्या. अपिलाच्या सुनावणीत कळलं की जळक्या मीटरखालचा माझा अर्ज त्यांच्याकडे कधी आलाच नव्हता.