आधी कॅटलॉग, मग बाकीचं: बॅकअप सर्व्हरच्या डीआर (डिझास्टर रिकव्हरी, म्हणजे आपत्तीनंतर काम परत उभं करायच्या) प्लॅनचा माझा अनुभव

रोज रात्री बॅकअप होतो, भरलेल्या टेप दुसऱ्या युनिटला जातात, म्हणजे आपण सुरक्षित, अशी बऱ्याच कंपन्यांत समजूत असते. पण बॅकअप सर्व्हरच गेला, तर कुठल्या टेपवर काय आहे हे सांगणार कोण? ती सगळी नोंद कॅटलॉगमध्ये असते, आणि कॅटलॉग असतो त्याच सर्व्हरवरच्या डेटाबेसमध्ये. कॅटलॉगशिवायच्या टेप म्हणजे चिठ्ठ्या नसलेली गोदामातली पोती. माल आहे, पण हवं ते पोतं सापडायला प्रत्येक पोतं उघडावं लागणार.

मी भोसरी एमआयडीसीतल्या एका इंजिनिअरिंग कंपनीत आयटी सांभाळतो. ड्रॉइंग्ज, टॅली, एचआरच्या फायली, काही व्हर्च्युअल मशीन्स हे सगळं बॅक्युला या बॅकअप सॉफ्टवेअरमार्फत एलटीओ-७ टेपवर (एलटीओ या चुंबकीय टेपची सातवी पिढी) जातं. कॅटलॉग पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये. जुलै २०२४ मध्ये खडकवासल्यातून मुठेत पाणी सोडलं आणि सिंहगड रस्त्यावरची एकतानगरी पाण्यात गेली, तेव्हा साहेबांनी मीटिंगमध्ये विचारलं, "आपली सर्व्हर रूमपण तळमजल्यावरच आहे ना? उद्या तिथे पाणी शिरलं तर काम परत कधी सुरू होईल?" भोसरीला मुठेचा धोका नाही, पण आग आहे, शॉर्ट सर्किट आहे, रॅन्समवेअर आहे. प्रश्न रास्त होता. मी उत्तरासाठी मुदत मागून घेतली आणि कॅटलॉगपासून सुरुवात केली.

बॅक्युलाच्या मूळ कॉन्फिगरेशनमध्ये कॅटलॉगच्या बॅकअपचा जॉब तयारच मिळतो. तो डेटाबेसचा डंप, म्हणजे फायलीत उतरवलेली पूर्ण प्रत, काढतो, टेपवर लिहितो आणि मग डिस्कवरचा डंप पुसून टाकतो. तो डंप टेपवर नेमका कुठे आहे, हे बूटस्ट्रॅप नावाच्या छोट्या फायलीत लिहिलेलं असतं. व्हॉल्यूमचं (म्हणजे टेपचं) नाव, सेशनचा क्रमांक आणि वेळ, टेपवरची जागा, अशा मोजक्या ओळी. आता गोम अशी, की काही बदल केला नाही तर ही बूटस्ट्रॅप फाइलही त्याच सर्व्हरच्या डिस्कवर राहते. म्हणजे सर्व्हर गेला की डंप टेपवर शाबूत, पण त्याच्यापर्यंत पोचायची वाट सर्व्हरबरोबर गेलेली.

यावर बीस्कॅन नावाचा उपाय आहे. तो टेप पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचतो आणि कॅटलॉग पुन्हा बांधतो. अनेकांचा भरवसा यावरच असतो, म्हणून मी साहेबांपुढे सरळ हिशोब मांडला. एलटीओ-७ टेप ६ टेराबाइटची आणि ड्राइव्हचा वेग जास्तीत जास्त सेकंदाला ३०० मेगाबाइट. भरलेली एक टेप वाचायला साडेपाच तास. चालू फेऱ्यातल्या १५ टेप वाचायच्या तर ८० तासांच्या वर, तेही एकामागून एक, रात्रभर कोणीतरी टेप बदलत बसला तर. त्यानंतर कुठे पहिली फाइल रिस्टोअर करायला घ्यायची. शिवाय बीस्कॅनने आणलेल्या जुन्या नोंदींची मुदत संपलेली असेल, तर पुढच्या छाटणीत, म्हणजे जुन्या नोंदी आपोआप काढल्या जातात तेव्हा, त्या पुन्हा उडू शकतात. हा हिशोब पाहिल्यावर साहेबांनी कामाला लगेच होकार दिला.

प्लॅनचं सूत्र मी एकच धरलं: कॅटलॉग परत आणायला लागणारी कुठलीही गोष्ट कॅटलॉगवर किंवा त्या सर्व्हरवर अवलंबून नको. प्रत्येक गोष्टीपुढे हाच प्रश्न टाकत गेलो आणि यादी वाढत गेली. बूटस्ट्रॅप फाइल आता दर जॉबनंतर बाहेरच्या मेलबॉक्सवर जाते. आमच्या स्वतःच्या मेल सर्व्हरवर नाही, कारण त्याचा बॅकअपही याच टेपवर आहे. डंपची एक प्रत चाकणच्या युनिटमधल्या मशीनवर जाते, एनक्रिप्ट करून. मग एनक्रिप्शनची पासफ्रेज कुठे ठेवायची? आमचा पासवर्ड मॅनेजर एका व्हर्च्युअल मशीनवर आहे आणि ती मशीन रिस्टोअर करायला कॅटलॉग लागतो. म्हणून पासफ्रेज कागदावर, सीलबंद पाकिटात, अकाउंट्सच्या अग्निरोधक कपाटात एक आणि चाकणला एक. क्लायंटच्या (ज्यांचा बॅकअप होतो त्या मशीन्सच्या) डेटाच्या एनक्रिप्शन किल्ल्याही तशाच, मास्टर की धरून. बॅक्युलाची सगळी कॉन्फिगरेशन, बॅक्युला आणि पोस्टग्रेसच्या नेमक्या आवृत्त्या, त्यांची इन्स्टॉलेशन पॅकेजेस हे सगळं डंपशेजारीच ठेवलं. कॅटलॉगच्या रचनेला स्वतःचा आवृत्ती क्रमांक असतो. तो बसवलेल्या बॅक्युलाशी जुळला नाही तर डायरेक्टर, म्हणजे सगळे जॉब चालवणारा बॅक्युलाचा मुख्य प्रोग्रॅम, सुरूच होत नाही, आणि आणीबाणीत अपग्रेड स्क्रिप्ट शोधत बसायची वेळ कोणावर येऊ नये.

वेळापत्रकातही एक खाच निघाली. कॅटलॉगच्या जॉबची प्रायॉरिटी ११ आणि बाकीच्या जॉबची १०, त्यामुळे इतर सगळे संपल्याशिवाय कॅटलॉगचा जॉब सुरू होत नाही. एरवी हे बरोबरच आहे. पण आमचा महिन्याचा फुल बॅकअप शनिवारी रात्री सुरू होऊन सोमवारपर्यंत रेंगाळतो आणि तोवर कॅटलॉगचा बॅकअपच होत नाही. म्हणून बॅक्युलाच्या बाहेर, क्रॉन या लिनक्सच्या वेळापत्रक-सुविधेतून, दर सहा तासांनी वेगळा डंप लावला. पोस्टग्रेसचे व्यवहार-लॉग (डेटाबेसमधल्या बदलांच्या नोंदी) सतत बाहेर पाठवत राहण्याचाही पर्याय होता. मोठ्या संस्थेत मी तोच निवडला असता. आमच्याकडे शेवटचा डंप चढवायचा आणि त्यानंतर लिहिल्या गेलेल्या तेवढ्या टेपवर बीस्कॅन चालवायचा, एवढं पुरतं. सांभाळायला माणसं दोनच असताना साधी गोष्ट जास्त टिकते, असं माझं मत आहे.

नोंदी किती काळ ठेवायच्या, हा विषय अकाउंट्सच्या मॅडमनी लावून धरला आणि त्यांचं बरोबर होतं. कंपनी कायद्याप्रमाणे हिशोबाची पुस्तकं आठ आर्थिक वर्षं जपावी लागतात. बॅक्युलात मात्र बदल न केल्यास फायलींच्या नोंदी ६० दिवसांनी आणि जॉबच्या नोंदी १८० दिवसांनी छाटल्या जातात. टेप कपाटात आहे, डेटाही आहे, पण त्यातली नेमकी एक फाइल निवडता येत नाही, अशी स्थिती होते. टॅलीच्या मशीनपुरती मुदत वाढवली. कॅटलॉग त्याने फुगणार हे मान्य करून डिस्कही वाढवली.

मग चाचणी. भोसरीत गुरुवारी औद्योगिक सुट्टी असते, मशीन्स बंद, नेटवर्कवर कोणी नाही. एक जुना डेस्कटॉप, कोरं डेबियन लिनक्स आणि टेप ड्राइव्ह त्याला जोडलेला. अट एकच: आमच्याकडे नव्याने लागलेला मुलगा हे सगळं छापील प्लॅन वाचून करणार, मी कीबोर्डला हात लावणार नाही. मी उपलब्ध नसताना काम झालं पाहिजे, यासाठीच तर कागद आहे.

पहिली पायरी कॉम्प्युटरवरची नाहीच. प्रत्येक टेपच्या कोपऱ्यातली लिहिणं बंद करणारी लाल खिटी सरकवायची. त्याने विचारलं, "सर, आपण फक्त वाचणार आहोत ना? मग हे कशाला?" त्याला म्हटलं, "अरे, जुना कॅटलॉग चढवलास की डायरेक्टरला जुनंच जग दिसतं. परवा भरलेली टेप त्याच्या लेखी अजून पुन्हा वापरायच्या रांगेत असू शकते. शेड्यूल चालू राहिलं तर तो तिच्यावर खुशाल लिहायला घेईल." डंपनंतर टेपवर भर पडली असेल, तर टेपवरचा आणि कॅटलॉगमधला फाइल-आकडा जुळत नाही. ते एक वेळ परवडलं, पण पुसली गेलेली टेप परत येत नाही. म्हणून खिटी आधी, शेड्यूल बंद दुसरं, आणि डायरेक्टर सर्वांत शेवटी.

चाकणची डंपची प्रत त्या दिवशी नाही असं धरून आम्ही मुद्दाम टेपची वाट घेतली. टेपवरून थेट फायली काढणाऱ्या बीएक्स्ट्रॅक्टला डायरेक्टर लागत नाही, कॅटलॉग लागत नाही. स्टोरेजची कॉन्फिगरेशन, बूटस्ट्रॅप आणि टेप, बस. नव्या मशीनवर ड्राइव्हचं नाव बदललेलं होतं आणि प्लॅनमध्ये जुनंच नाव होतं, तिथे तो थांबला. आता प्लॅनमध्ये ड्राइव्हच्या सीरियल नंबरवरून नाव शोधायची पद्धत लिहिली आहे. त्यानंतर टेप थेट हव्या त्या जागी गेली आणि डंप डिस्कवर आला.

डेटाबेस तयार करताना एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) एसक्यूएल-आस्की ठेवायचं, यूटीएफ-८ नाही, ही ओळ प्लॅनमध्ये मी जाड अक्षरात छापली होती. नावं वेगवेगळ्या मशीन्सवरून वेगवेगळ्या एन्कोडिंगमध्ये येतात, म्हणून बॅक्युला ती जशीच्या तशी बाइटमध्ये ठेवतो. डेटाबेस चढायला बराच वेळ गेला, त्यातही फायलींच्या तक्त्याचे इंडेक्स बांधताना. मग डायरेक्टर सुरू झाला, रिस्टोअरच्या यादीत अकाउंट्सचं फोल्डर उघडलं आणि "दिवाळी बोनस" नावाची शीट देवनागरीत, एकही अक्षर न तुटता समोर आली. ती आणि एका फिक्स्चरचं ड्रॉइंग रिस्टोअर करून उघडून पाहिलं. दोन्ही ठीक. त्या मुलाच्या चेहऱ्यावरचा आनंद पाहून मलाही फार बरं वाटलं.

आता अडलंय ते ड्राइव्हवर. आग लागली तर सर्व्हरबरोबर ड्राइव्हही जाणार, आणि बाजारातून नवा एलटीओ-९ आणला तर तो आमच्या एलटीओ-७ टेप वाचणार नाही. एलटीओ-७ पर्यंतचे ड्राइव्ह मागच्या दोन पिढ्या वाचायचे, एलटीओ-८ आणि एलटीओ-९ ला एकच मागची पिढी वाचता येते. म्हणजे चाकणला एलटीओ-७ किंवा एलटीओ-८ ड्राइव्ह आत्ताच घेऊन ठेवायला हवा. त्याचं कोटेशन साहेबांकडे दिलं आहे, सोबत ८० तासांचा तो हिशोबही जोडला आहे. ड्राइव्ह आला की पुढची चाचणी चाकणलाच, भोसरीतून काहीही न नेता.