आंब्याच्या हंगामातली संकलित चाचणी

पहिली ते नववीच्या परीक्षा राज्यभर एकाच वेळापत्रकाने घ्यायचे यंदा, म्हणजे २०२५ साली, ठरले आणि ८ ते २५ एप्रिल हा काळ त्यासाठी नेमला गेला. उन्हाचा विचार करून पेपर सकाळच्या सत्रात ठेवले, हे योग्यच झाले. मात्र रत्नागिरीच्या किनारपट्टीवर एप्रिलची सकाळ ही हापूस उतरवण्याचीही वेळ असते. काढलेले फळ उन्हात तापले तर त्यात साका होण्याचा, म्हणजे आतला गर पांढरट पडून खराब होण्याचा धोका वाढतो, म्हणून तोड सकाळी लवकर उरकावी लागते. आणि नेमक्या त्याच वेळी घरातल्या दोन मुलांना न्याहारी, पाण्याची बाटली आणि पॅड देऊन शाळेत पोहोचते करायचे असते.

माझी मुलगी चौथीत आहे आणि पुतण्या पाचवीत. दोघे एकाच शाळेत जात असले तरी त्यांच्या परीक्षा सारख्या नाहीत. पाचवी आणि आठवीला आता वार्षिक परीक्षेत उत्तीर्ण व्हावेच लागते. पाचवीला प्रत्येक विषय ५० गुणांचा असतो, त्यात ३५ टक्के गुण मिळाले नाहीत तर जूनमध्ये पुनर्परीक्षा द्यावी लागते. त्यामुळे जाऊबाईंची काळजी मला समजते. चौथीची संकलित चाचणी मात्र प्रथम भाषा, गणित आणि इंग्रजी या तीन विषयांत मुलाला काय समजले आहे, हे पाहण्यासाठी असते. तिच्यावर वरच्या वर्गात जाणे अवलंबून नसते, तरीही मुंबईहून पेटीची चौकशी करायला येणारा प्रत्येक फोन ‘अभ्यास झाला का?’ या प्रश्नावरच संपतो.

परीक्षेच्या दिवसांत घरातील कामे थांबवायची नाहीत, असे सासूबाईंनी आधीच सांगून ठेवले होते. मुले अभ्यासाला बसली म्हणून पडवीतली प्रतवारी बंद झाली नाही, की गड्यांचा चहा चुकला नाही. मला हे पटले, कारण घर एकदम गप्प झाले की मुले घाबरतात. पुतण्याला वर माळ्यावरची खोली दिली. मुलगी पडवीतच बसली.

तिथेच एक गोष्ट माझ्या नीट लक्षात आली. पेटीत भरलेले फळ ती डझनांच्या हिशेबाने भराभर सांगते, पाच डझनांच्या सहा पेट्यांत किती आंबे हेही तोंडी सांगते. पण तेच गणित सरावाच्या कागदावर शाब्दिक उदाहरण होऊन आले, की पेन्सिल थांबते आणि ‘आई, इथे गुणायचे की भागायचे?’ असा प्रश्न येतो. तिला गुणाकार येतो. वाचलेल्या वाक्यातून कोणती क्रिया करायची, हे मात्र उमजत नाही. अशी उणीव नेमकेपणाने दाखवून देणे हाच या चाचणीचा खरा उपयोग आहे, आणि म्हणूनच ती वर्ष संपताना व्हावी याचे मला वाईट वाटते. निकाल १ मे रोजी लावायचा, म्हणजे शेवटच्या पेपरानंतर शिक्षकांच्या हाती जेमतेम आठवडा. त्यात उत्तरपत्रिका तपासायच्या आणि विद्या समीक्षा केंद्र या शाळांची माहिती गोळा करणाऱ्या सरकारी केंद्राच्या चॅटबॉटवर प्रत्येक मुलाचे गुण भरायचे. (आमच्याकडे रेंज कुठे मिळते, हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या कामाची कल्पना येईल.) एवढे झाल्यावर चुकलेले उदाहरण मुलांना पुन्हा समजावून द्यायला कोणाकडे वेळ उरणार? वर्षाच्या सुरुवातीला होणाऱ्या पायाभूत चाचणीकडे आम्ही पालक फारसे पाहतही नाही, आणि शिकवायला सगळे वर्ष शिल्लक असते ते तेव्हाच.

गणिताच्या पेपराहून आल्यावर मुलीला मी किती सुटले हे विचारले नाही. कोणते उदाहरण अडले, एवढेच विचारून घेतले आणि ते वहीत लिहून ठेवायला सांगितले. अशी काही उदाहरणे त्या वहीत जमली आहेत. जूनमध्ये शाळा उघडली की पायाभूत चाचणीच्या आधीच ती वही पाचवीच्या वर्गशिक्षकांना दाखवायची आहे.